अमरावतीत खरखर, अकोल्यात गोड

वसंता,

तुले जाऊन अकरा दिवस झाले अन् मी अजून तुझ्याशी भांडूनच राहिलो. आंघोळ करताना भांडतो, भाजी आणायला जाताना भांडतो. काल चौकात मले एकट्यालेच बोलताना एका जुन्या विद्यार्थ्यानं पाहिलं आणि घरी येऊन माझ्या बायकोले सांगितलं. तिनं विचारलं, "कोणाशी बोलत होते?" म्हटलं, वसंताशी. ती म्हणाली, "मंग ठीक आहे. मले वाटलं डोक्याचं काही झालं."

उद्या रविवारी अकोल्याले तुझं पुण्यानुमोदन आहे, तुमच्या गल्लीतल्या विहाराच्या हॉलमध्ये. वहिनीनं सांगून ठेवलं आहे की भाषणं दोनच होतील, बाकी वेळ मास्तर गिटार वाजवतील, अन् तेही तू बनवलेल्या ॲम्पवर. मी हो म्हटलं. तिले नाही म्हणायची हिंमत तुझ्यात कधी नव्हती, माझ्यात कुठून येईन. पण त्याच ॲम्पवरून आपलं शेवटचं भांडण झालं. फोनवर मी म्हटलं होतं, "तुझा हा डबा मी भंगारात देतो." तू म्हणाला, "दे. सोबत तुझे दहा बोटं पण दे, वजनात भरतील." मी फोन ठेवला. आठ दिवस ना तू फोन केला ना मी. नवव्या दिवशी सकाळी तुझ्या घरून फोन आला, तो मी मुद्दाम लवकर उचलला नाही. वाटलं, तूच असशीन, वाजू दे थोडा. उचलला तर वहिनी होती.

म्हणून ते भंगाराचे शब्द मले परत घ्यायचे आहेत. त्याशिवाय उद्या त्या ॲम्पमध्ये गिटारीची वायर खुपसायला माझा हात धजणार नाही. पण आपला नियम तुले माहीत आहे. चूक कोणाची हे ठरल्याशिवाय माफी नाही. तीस वर्षं हा नियम आपण पाळला आणि तीस वर्षांत दोघांपैकी एकानंही माफी मागितली नाही, कारण चूक कोणाची हेच कधी ठरलं नाही. ॲम्प अमरावतीत खरखर करते ते तुझ्या हातामुळं की माझ्या, एवढाच तर मुद्दा होता.

सुरुवात तुझ्याच फुशारकीनं झाली. तू अकोल्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करे, मी अमरावतीत जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवे, अन् जयंतीच्या दिवसांत आपण एकाच गायन पार्टीत असू. तू अकोल्याकडचं साउंड पाहे, मी गिटार वाजवे. एकदा मूर्तिजापूरचा कार्यक्रम झाल्यावर तू माझ्या बाजारातून आणलेल्या ॲम्पकडे बोट दाखवून म्हणाला, "मास्तर, हे काय वाजवून राहिला बे? पत्र्यावर तूर वाळू घातल्यासारखा आवाज येते. जुन्या रेडिओचा आवाज आठवते का, पोटातून यायचा? तसा बनवून देतो तुले. व्हॉल्व्हचा."

अन् बनवायला घेतला. गिऱ्हाईक परत न्यायला आलेच नाहीत अशा रेडिओंमधून तू व्हॉल्व्ह काढले. चेसिस जुन्या कपाटाच्या पत्र्याचं केलं. पेटीसाठी सागवान पाहिजे होतं, ते तू आपल्याच लग्नातल्या पलंगाचं काढलं. वहिनी माहेरी गेली होती. परत आली तर पलंगाचं डोकं गायब, अन् तू तिले सांगितलं की तसंही उशीमुळं ते दिसत नव्हतं.

ट्रान्सफॉर्मर मात्र तू विकत घ्यायला तयार नव्हता. घरीच गुंडाळायचा. हाताच्या चाकावर तांब्याची तार गुंडाळायची, मोजत मोजत, अन् शंभर वेढे झाले की वाटीत तुरीचा एक दाणा टाकायचा, अशी तुझी पद्धत. मी गणिताचा मास्तर, वही-पेन घेऊन बाजूले बसलो होतो, तर तू मले हाकललं. "दाण्याले झोप लागत नाही, मास्तर. तुले लागते." दोन दिवस तू गुंडाळलं. मी बाहेर शिंकलो तरी डोळे वटारे. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर वाटी रिकामी. वहिनीनं घुगऱ्यांसाठी तूर भिजत घातली होती, वाटीतले दाणे दिसले, तेही त्यात टाकून दिले. तू ओट्यापाशी डोक्याले हात लावून बसला अन् वहिनी म्हणाली, "सतरा-अठरा दाण्यासाठी एवढं काय? अर्धी वाटी तूर घ्या अन् पुन्हा मोजा." मग आपण दोघांनी त्या घुगऱ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

मोजणी गेली म्हणून पुढचं सगळं तू अंदाजानं केलं. थोडं गुंडाळायचं, भिंतीतल्या लाइटीले लावायचं, व्हॉल्व्हच्या तारेवर मीटर धरायचं. कमी आलं की आणखी गुंडाळायचं. काटा बरोबर जागी आला तसा तू थांबला अन् म्हणाला, "झालं. मोजून केलं असतं तरी एवढंच आलं असतं."

पहिल्यांदा वाजवला तो दिवस मी विसरत नाही. तुझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी एकच सूर छेडला. काय गोडवा होता त्यात. जोरात मारला तरी कर्कश नाही, सोडला तर हळूहळू विरून जाते. आयुष्यात मले एवढं चांगलं कोणी काही बनवून दिलं नव्हतं. तेव्हा तसं म्हटलं नाही. "बरा आहे," म्हटलं. तू म्हणाला, "बरा काय बे. तुझ्या लायकीपेक्षा जास्त आहे."

तो वीस किलोचा डबा मी एसटीत घालून अमरावतीले आणला. सकाळी लावला अन् खरखर. वर घुंई घुंई. ट्रान्सफॉर्मर एवढा तापला की बायको म्हणाली, पापड भाजून घेऊ का. मी तुले फोन केला. तू म्हणाला, "तसं होऊच शकत नाही. आणून दाखव."

आणून दाखवला. तुझ्या दुकानात लावला तर पुन्हा पहिल्यासारखा गोड. डॉक्टरच्या दारात गेल्यावर लेकराचा ताप उतरते, तसं. तू माझ्याकडं पाहिलं अन् काही बोलला नाही. तुझं ते न बोलणं मले आजही झोंबते.

त्यानंतर तीस वर्षं हेच. अमरावतीत खरखर, अकोल्यात गोड. दर दोन-तीन महिन्यांनी मी तो डबा उचले, बडनेरा, मूर्तिजापूर करत तुझ्याकडे येई. एका कंडक्टरनं तर ओळख झाल्यावर विचारलं होतं, "गुरुजी, याचा इलाज नागपूरले काहून नाही करत?" तू कंडेन्सर बदलले. व्हॉल्व्ह इकडचे तिकडे केले. वहिनीच्या लाटण्यानं एकेका व्हॉल्व्हवर टकटक करून कान लावले, अन् त्या दिवशी तिनं पोळ्या केल्या नाहीत. सोल्डर पुन्हा पुन्हा मारलं. एकदा मी मदत करायला म्हणून आत बोट घातलं तर कंडेन्सरनं मले अस्सं फेकलं की मी तुझ्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसलो. बंद ॲम्पमध्येही कंडेन्सर भरलेला असते हे तू मले त्यानंतर सांगितलं. वर दम दिला, "आजपासून झाकण उघडायचं नाही. उघडलं तर गाठ माझ्याशी आहे."

मग तुझ्या डोक्यात आलं की गिटारीचं तोंड चुकीच्या दिशेले आहे. फिरवून पाहिलं तर खरंच घुंई थोडी कमी होई. तू ठरवून टाकलं की अमरावतीत मी बडनेऱ्याकडे तोंड करून वाजवायचं. चार वर्षं मी तसं वाजवलं, वसंता. स्टेजवर प्रेक्षक समोर अन् मी आडवा. लोक म्हणत, मास्तर रुसला वाटते. पार्टीच्या गायकानं तर मले बाजूले घेऊन विचारलं, माझं काही चुकलं का.

तुझं एकच पालुपद होतं. "खराबी आतच असते, मास्तर. जो बाहेर पाहते तो मेकॅनिक नाही, ज्योतिषी." अन् आतलं सगळं तपासून झाल्यावर, आत काहीच सापडलं नाही की मग खराबी माझ्या बोटात निघे.

एकदा तू अमरावतीले आला. माझ्या पोरीच्या लग्नात, भर मे महिन्यात. मी म्हटलं, बरं झालं, आता याच्या कानानं ऐकू दे. जेवणं झाल्यावर दुपारी तुले खोलीत नेलं, ॲम्प लावला. बाहेर मांडवात सहा कूलर, गल्लीत घरोघरी कूलर, अन् आत हा हरामखोर असा गोड वाजला की मलेच रडू आलं. तू पोटावरून हात फिरवत म्हणाला, "याले म्हणतात खरखर?" अन् पाहुण्यांमध्ये जाऊन सांगितलं की मास्तरचे कान गेले. माझ्या व्याह्यासमोर सांगितलं. ते मी विसरलो नाही, अन् तू मेला म्हणून विसरणारही नाही.

तीन वर्षांपूर्वी पार्टी बंद झाली. गायकाचा गळा गेला, तबलेवाला पोराकडे पुण्याले गेला. त्याच वर्षी ट्रान्सफॉर्मर जळला. तू नवा गुंडाळून दिला, यावेळी तूर न भिजवता, नीट मोजून. मी म्हटलं, चला, आता तरी सुधारेन. घरी आणला अन् तीच खरखर. मी पुन्हा फोन केला, तू पुन्हा म्हणाला आणून दाखव, मी पुन्हा एसटीत. हातपाय दुखत, बायको कटकट करे, पण मी जाई. गेल्या महिन्यात मात्र डोकं फिरलं. तू हसत हसत म्हणाला होता, "तुझ्या बोटाले गंज लागला बे." अन् मी ते भंगाराचं बोललो.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी होतो. पाहुणे भरलेले. वहिनी मागच्या ओट्यावर बसून पाट्यावर जवसाची चटणी वाटून राहिली होती. मी म्हटलं, "वहिनी, आज तरी मिक्सर वापरा." ती वाटता वाटताच म्हणाली, "काय वापरू भाऊजी, आमच्याकडे तो फिरतच नाही. लाइटच मरेल आहे या गल्लीतली, दमच नाही तिच्यात. तुमच्या घरी पोरीच्या लग्नात सकाळी उठून मी मिक्सर लावला होता, काय भन्नाट फिरला. झाकण उडून चटणी भिंतीवर. तेव्हाच मी ह्यायले म्हटलं होतं, अहो, भाऊजीच्या घरची लाइट आपल्यापेक्षा तेज आहे, तुमच्या डब्याले ती सोसत नसन. बारा वर्षं सांगून राहिली. पण बाईचं कोण ऐकते. मले म्हणे, तू चटणी पाह्य."

 वसंता, तुझं मीटर पुढच्या खोलीतल्या दुकानात खिळ्यावर लटकलेलं होतं. मी ते आणलं अन् त्याच्या दोन काड्या तुझ्या भिंतीतल्या सॉकेटात घातल्या. एकशे ब्याण्णव व्होल्ट. वहिनीले विचारून मीटर सोबत घेतलं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काड्या माझ्या घरच्या सॉकेटात घातल्या. दोनशे सेहेचाळीस. फरक चोपन्न, पाचवीतल्या पोरानं काढला असता. तू तो ट्रान्सफॉर्मर तुझ्या गल्लीतल्या मरेल लाइटीवर बेतला होता, अन् मी त्याले माझ्या गल्लीतली तेज लाइट पाजत होतो. माझ्या पोरीच्या लग्नात कूलरनी आमची लाइट पाडली, तर तो लगेच सरळ वागला. तीस वर्षं दोन शहाण्या माणसांनी डब्यातला खिळा अन् खिळा तपासला, पण भिंतीत मीटर घालायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलं ते चटणी वाटणाऱ्या बाईच्या डोक्यात.

मी बायकोले सांगितलं की चूक ना वसंताची ना माझी, चूक लाइटीची. ती म्हणाली, "मंग आता कोणाशी भांडाल?" खरं सांगतो, मले बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. चूक कोणाचीच नाही, म्हणजे माफीही नाही, अन् भंगाराचे शब्द तसेच राहिले. तुले खांदा देताना जेवढं जड वाटलं नव्हतं, तेवढं त्या दोन आकड्यांनी झालं.

आज सकाळी मी तुझा हुकूम मोडला. झाकण उघडलं. म्हटलं, ट्रान्सफॉर्मरले अमरावतीसाठी काही करता येते का पाहू. तू शिकवलं होतं तसं आधी कंडेन्सर रिकामा केला, पेचकसानं, दोन हात लांब उभं राहून. मग तुझा तो नवा ट्रान्सफॉर्मर पाहिला. लाइटीच्या बाजूले दोन तारा पाहिजे. तीन होत्या. तिसरी नीट दुमडून, तिच्या टोकाले काळी टेप गुंडाळून, बाजूले बांधून ठेवलेली. टेपवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा अन् त्यावर बॉलपेननं तुझ्या अक्षरात: अमरावती.

 दोनपैकी एक तार सोडवायची अन् ही जोडायची, बस. पाच मिनिटांचं काम. तीन वर्षं ती तिथं होती. तीन वर्षं तू मले आणून दाखव म्हणत राहिला, तोंड वाकडं करून माझ्या बोटांवर ढकलत राहिला, अन् मी वीस किलो घेऊन एसटीत चढत राहिलो. आधी तुले मनातल्या मनात एवढ्या शिव्या दिल्या की विहारात उद्या तोंड दाखवायची लाज वाटेन. मग पार्टी बंद झाली ते वर्ष आठवलं.

मी वहिनीले फोन लावला. म्हटलं, "वहिनी, त्यानं नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला ना, त्यात अमरावतीच्या लाइटीसाठी वेगळी तार काढून ठेवली आहे. नाव लिहून. पण जोडली नाही."

 

"म्हंजे मिक्सरचं ऐकलं होतं त्यायनं," ती म्हणाली.

"ऐकलं होतं."

"मले नाही सांगितलं."

"मलेही नाही."

मग वहिनी रडली. तुले नेताना ती रडली नव्हती, बायका तिले म्हणत होत्या रड, मोकळी हो, तर ती पाहुण्यांच्या चहाचं पाहत होती. आज तुरीच्या दाण्यापासून सगळं काढून रडली. पलंगाचं पण काढलं. मी कानाले फोन लावून बसून राहिलो. माझे डोळे कोरडे होते असं नाही.

शेवटी नाक पुसून तिनं विचारलं, "मंग जोडली काहून नाही?" अन् उत्तरही तिनंच सांगितलं. "जोडली असती तर तुमी आले असते का, भाऊजी?"

नसतो आलो, वसंता. खोटं काहून बोलू. पार्टी नाही, कार्यक्रम नाही, गुडघे दुखतात. फोनवर बोलून घेतलं असतं. अन् तू मरशीन पण 'भेटायला ये बे' असं तुझ्या तोंडून निघणार नाही. मीही कधी 'तुले भेटायला आलो' असं म्हणत आलो नाही. डबा दाखवायला आलो, असंच म्हणे.

तर चूक तुझी निघाली. शेवटची तीन वर्षं तरी शंभर टक्के तुझी. आपल्या नियमानं माफी तू मागायची. तू आता मागू शकत नाही, म्हणून नियम मी मोडतो. भंगाराचे शब्द परत घेतो. असा ॲम्प कोणी कोणाले बनवून देत नाही, अन् असा दोस्त मले पुन्हा मिळणार नाही. हे तू समोर असताना बोलायला पाहिजे होतं. पण आपण समोरासमोर असताना ते होत नव्हतं.

सोल्डरिंग तापवून टेबलावर ठेवलं होतं. बायको दारात येऊन पाहून गेली. मी ते बंद केलं, तार होती तशी दुमडली, झाकण लावलं, पेच कसले. उद्या सकाळच्या एसटीनं डबा घेऊन निघतो. तुझ्या हॉलमध्ये तो गोडच वाजेन, तिथली लाइट मरेल आहे.

फोन ठेवायच्या आधी मी वहिनीले म्हटलं होतं, "तुम्ही म्हणत असाल तर जोडून टाकतो. मग माझ्या घरी पण चांगला वाजेन, पुन्हा आणायचं काम नाही."

"नका जोडू," ती म्हणाली. "खरखर आहे तोवर येत जा."